चौथं चाक

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचं काम बारक्या चोवीस वर्षं करत होता. नावाला बारक्या, वय अठ्ठेचाळीस, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. पण ताईपेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणून घरात जे नाव पडलं ते पडलं. दुकानाचे मालकसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायचे. हात मात्र असा, की त्याने फ्रेममध्ये भिंग बसवलं की सांध्यात केसही शिरू नये. "आमच्या बारक्याच्या हाताला डोळे आहेत," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तो खाली मान घालून हसायचा. ते ऐकायला त्याला फार आवडायचं, पण तसं त्याने बायकोजवळही कधी कबूल केलं नव्हतं.

ताई आणि भाऊजी बारा दिवसांच्या सहलीला निघाले, तेव्हा गाडी त्याच्या दारात आणून लावली. भाऊजी पाणीपुरवठा खात्यात इन्स्पेक्टर. आवाज मोठ्या नळातून आल्यासारखा.

"मेव्हणे, गाडी नुसती उभी ठेवू नका, बॅटरी उतरते. एकदोनदा फिरवून आणा. बायकोला फिरवा. कालच टायरवाल्याकडून चाकं तपासून घेतलीत, काही बघायला नको."

गाडी खरी ताईची. पन्नाशी उलटल्यावर ती चालवायला शिकली होती. परीक्षेत दोनदा नापास झाली, घरात सगळ्यांनी थट्टा केली, तिसऱ्यांदा पास झाली. तेव्हापासून नर्सिंग कॉलेजात शिकवायला ती स्वतःच गाडी घेऊन जायची, आणि भाऊजींना वाटेत त्यांच्या ऑफिसवर उतरवायची. किल्ली बारक्याच्या हातात देताना ती म्हणाली, "जप रे हिला."

तिसऱ्या दिवशी बारक्या बायकोला घेऊन तिच्या एका जुन्या मैत्रिणीकडे गेला. बसनेही जाता आलं असतं. मैत्रिणीचा नवरा वरच्या बाल्कनीत उभा होता. खाली दोन गाड्यांच्या मधे थोडी जागा होती.

"अहो, पुढे सगळं मोकळं आहे की," बायको म्हणाली.

पण बाल्कनीतून कुणी बघत असताना पुढे कशाला जायचं? एका दमात गाडी आत घालून दाखवावी असं बारक्याला वाटलं. त्याने स्टिअरिंग वळवलं आणि फुटपाथच्या कडेला चाक घासून खालून खर्रर्र असा आवाज आला. पोटात कुणीतरी पॉलिश पेपर फिरवावा तसा. बाल्कनीतला माणूस म्हणाला, "लागलं वाटतं!" आणि बारक्या वर बघून म्हणाला, "नाही नाही, काही नाही."

पुढच्या डाव्या चाकाची चंदेरी कड वीतभर खरवडून निघाली होती. खालचा कच्चा धातू दिसत होता.

घरी येताच तो पुन्हा चाकाशी वाकला. बायको म्हणाली, "सांगून टाका ताईंना. चाक घासलं म्हणून काय आभाळ कोसळतंय?"

"सांगतो. आधी नीट करतो, मग सांगतो."

आणि त्या वेळी त्याच्या मनात खरोखरच तसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरामागच्या फरशीवर जॅक लावून चाक काढलं. दोन उलट्या बादल्यांवर आडवं ठेवलं, साबणाने धुतलं. मग खरवडलेली कड आधी जाड्या पॉलिश पेपरने, मग बारीक पेपरने पाण्यात घासत बसला. खड्डे पुट्टीने भरले. टायरला रंग लागू नये म्हणून दुकानातली जुनी कार्डं टायर आणि धातू यांच्या फटीत एकेक करून गोल खोचली. चाकाला कागदाची झालर लावल्यासारखं दिसत होतं. नट बसतात ती पाच भोकं त्याने कागदाच्या बोळ्यांनी बंद केली. रंगाच्या दुकानदाराने तेवढं बजावून सांगितलं होतं. प्रायमरचा एक हात, चंदेरी रंगाचे तीन, वर चकाकीसाठी लॅकरचे दोन. मधे वाळायला वेळ. काम सुरेख झालं. ओरखडा कुठे होता ते आता त्यालाही सापडेना.

चाक गाडीला लावून तो चार पावलं मागे गेला, आणि तिथेच खाली बसला. बाकीची तीन चाकं चार वर्षांच्या धुळीने पिवळसर झालेली, आणि हे एक नव्या नाण्यासारखं. आंधळ्यालाही कळलं असतं.

मग उरलेली तीनही रंगवायची ठरवली. दुसरं चाक कामावर जाण्याआधीच्या दोन सकाळींत झालं. तिसरं रविवारी. चौथं, मागचं उजवं, राहता राहिलं ते ताई-भाऊजी यायच्या दिवशी सकाळपर्यंत. संध्याकाळी ते गाडी न्यायला येणार होते. बोळे करायला कागद शोधायला नको म्हणून त्याने भोकं तशीच ठेवली आणि फवारा मारला. रंग भोकांच्या खोबणीत साचला, जाड थर बसला. वरून बोट लावलं तर चिकटत नव्हतं. तेवढ्यावर त्याने चाक चढवलं आणि पान्यावर पाय देऊन नट आवळले. पाय देऊन आवळले, ही गोष्ट पुढे त्याने स्वतःला किती वेळा सांगितली त्याला गणती नाही.

संध्याकाळी ताई आली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"बारक्या! हे तू केलंस?"

"त्याचं काय झालं, ताई..."

"अहो, इकडे या, बघा तरी! म्हटलं होतं ना मी, ह्याच्या हाताला डोळे आहेत!"

भाऊजींनी वाकून चाकांवरून बोट फिरवलं. "वा, मेव्हणेबुवा! शोरूमवाल्यांनी पाय धरावेत तुमचे!" त्यांनी बारक्याला ओढून गाडीशेजारी उभं केलं, फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ताईचे डोळे भरून आले होते. "न सांगता, न मागता कोण करतं रे आजकाल कुणासाठी?"

बारक्याची बायको दारात उभी होती. बारक्याने तिच्याकडे बघितलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तेव्हा त्याला आपला चेहरा तापलेला जाणवला. त्या दिवशी फोनवर शाबासकीचे बावीस अंगठे आले. प्रत्येक अंगठा आपल्यालाच दाखवून कुणी वेडावतंय असं त्याला वाटत राहिलं. पण त्याने ते पुन्हापुन्हा बघितलेही.

तीन आठवडे गेले. एका दुपारी दुकानात भाऊजींचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच बारीक होता. ताईला हॉस्पिटलात आणलं होतं. कॉलेजातून परतताना वळणावर गाडीचं मागचं चाक निखळलं. गाडी गिरकी घेऊन बसस्टॉपच्या कठड्यावर आपटली. सुटलेलं चाक रस्ता ओलांडून गेलं आणि थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईच्या पुढ्यातून जाऊन भिंतीला धडकलं. दोन पावलं इकडे असती तर ती बाई गेलीच होती.

"मागचं कुठलं?" बारक्याने विचारलं.

"काय?"

"कुठलं चाक, भाऊजी?"

"उजवं. का?"

"नाही, असंच."

ताईचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून तिला बसवलं होतं. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल नाही. ती त्याला बघून रडली नाही. अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "दोन दिवस खडखड येत होती रे मागून. मला वाटलं रस्ताच खराब आहे. थांबून बघायला हवं होतं मी. त्या बाईला काही झालं असतं म्हणजे?"

"अगं, होतं असं," बारक्या म्हणाला. "तुला काय कळणार त्यातलं."

तिने मान डोलावली आणि प्लास्टरकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी ते चाक घेऊन टायरवाल्याकडे निघाले आणि बारक्याला बरोबर घेतलं. टायरवाला साठीचा, शिडशिडीत, पुढचे दोन दात पडलेला माणूस होता. भाऊजींच्या खात्याच्या आठ जीप त्याच्याकडेच यायच्या. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. भाऊजींनी चाक त्याच्या पायाशी आपटलं.

"नट आवळायचे विसरलात की झोपा काढत होतात? माझी बायको मेली असती!"

टायरवाला खाली बसला. चाक उजेडाकडे फिरवलं. एका भोकात पेचकसाचं टोक घातलं आणि फिरवलं, तशी कांद्याच्या सालासारखी चंदेरी चकती सुटून आली. ती त्याने तळहातावर घेतली.

"साहेब, ह्याला रंग कुणी दिला?"

"ह्या माझ्या मेव्हण्याने. का?"

"नट रंगावर बसत नाही, साहेब. धातूवर बसतो. मधला रंग दबतो, झिजतो, की नट सैल होत जातो." मग त्याने बारक्याकडे बघितलं. बोलणं अगदी साधं होतं, त्यात आरोप नव्हता. "तुम्ही चाकं काढली होती ना रंगवायला? नंतर पुन्हा एकदा आवळून बघितली का?"

सगळे बारक्याकडे बघायला लागले. भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात नसता तर कदाचित तो खरं बोलला असता, असं त्याला नंतर वाटायचं. मग हेही वाटायचं, की छे, नसताच बोललो.

"मी काढली नव्हती," बारक्या म्हणाला. "गाडीवरच रंगवली. कागद लावून."

टायरवाल्याने चाक उलटं केलं. आतल्या बाजूला, जिथे गाडीवर असताना माणसाचा हात पोचत नाही, तिथे चंदेरी तुषार उडालेले होते. त्याने ते बघितले. बारक्याने त्याला ते बघताना बघितलं. मग टायरवाल्याने चाक पुन्हा पालथं घातलं आणि हात पुसत उठला.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय बरं?" भाऊजींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. इतका वेळ 'तुम्ही' होतं ते 'तू'वर आलं. "स्वतःचं झाकायला दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवतोस? ह्या माणसाने एवढ्या मायेने काम केलं, आणि तू त्याच्यावर ढकलतोस? लाज वाटत नाही?"

एक गिऱ्हाईक हळूच आपली गाडी घेऊन निघून गेलं. त्याच आठवड्यात भाऊजींनी आठही जीप दुसरीकडे वळवल्या.

रविवारी बारक्या आणि त्याची बायको ताईला भेटायला गेले. भाजी निवडायची म्हणून ताई डाव्या हाताने धडपडत होती. बायकोने तिच्या हातातून ताट घेतलं. ताई म्हणाली, "त्या टायरवाल्याने बघ ना, ह्याच्यावरच आळ घातला होता. बरं झालं ह्याने चाकं काढलीच नव्हती."

बायकोचे हात थांबले. ती बारक्याकडे बघत होती. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मग तिने शेंगा सोलायला पुन्हा सुरुवात केली.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. स्टॉपवर उतरल्यावर म्हणाली, "मी तिथे खोटं बोलले नाही. पण गप्प बसले. म्हणजे तेच झालं. मला पुन्हा असं गप्प बसायला लावू नका."

"मला काय करू ते सुचत नाहीये."

"सुचतंय तुम्हाला. ते करवत नाहीये," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

सोमवारी दुकानात तो एक भिंग वाकडं घासून बसला. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक म्हणाले, "बारक्या, डोळे तपासून घे रे बाबा, आपल्याच दुकानात आहेस!" सगळे हसले. त्याने जेवणाची सुट्टी घेतली आणि सरळ टायरवाल्याकडे गेला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. टायरवाला एका ट्यूबला ठिगळ लावत होता. बारक्या दारातच उभा राहिला.

"मी चाकं काढली होती," तो म्हणाला. "चारही. त्या चौथ्याची भोकं झाकली नव्हती. आणि तसा मी रंगवणार नव्हतोच, माझ्या हातून एक चाक घासलं होतं, ते लपवायला..."

"माहीत आहे." टायरवाल्याने मान वर केली नाही. "म्हणजे घासलेलं माहीत नव्हतं. काढलेली माहीत होती."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो की. एकदा बोललो. साहेबांचा हात तुमच्या खांद्यावर होता. मी आणखी काय बोलणार?"

"माझी फार मोठी चूक झाली. मला माफ करा."

टायरवाल्याने ट्यूब बाजूला ठेवली. राग असता तर बारक्याला बरं वाटलं असतं. पण तो माणूस नुसता दमलेला दिसत होता.

"हे बघा, मला सांगून तुमचं मन हलकं होईल. माझं काय होणार? मला तर सगळं ठाऊकच आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला जाऊन सांगा." आणि त्याने पुन्हा ट्यूब हातात घेतली.

बारक्या तिथून दुकानात परत गेला नाही. ताईच्या घरी गेला. भाऊजी त्या दिवशी घरीच होते, ताईला डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून. "या मेव्हणे!" म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. उभ्यानेच सांगितलं, बाल्कनीतल्या माणसापासून ते टायरवाल्याच्या दुकानापर्यंत, काही न गाळता. सांगताना तो जमिनीवरच्या फरश्या मोजत होता.

चाक घासल्याचं ऐकून ताई हसली. "अरे, एवढंच? मग सांगायचंस की वेड्या!" मग पुढचं ऐकत गेली तसं तिचं हसू विरत गेलं. भाऊजींचा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

सांगून संपलं.

"मी रोज विचार करते," ताई शेवटी म्हणाली, "की माझं काय चुकलं. वळण जोरात घेतलं का. ब्रेक चुकीचा दाबला का. दोनदा नापास झालेली बाई, कशाला हट्ट केला चालवायचा. त्या बसस्टॉपवरच्या बाईचं तोंड मला रोज दिसतं. तू समोर बसला होतास, बारक्या. आणि मला काय म्हणालास? तुला काय कळणार त्यातलं."

बारक्याची नजर तिच्या प्लास्टरवर गेली.

"हात मोडला त्याचं काही नाही रे. हात जुळेल."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. हॉस्पिटलात न रडलेली ताई आत रडत होती, आणि बाहेर ते ऐकू येत होतं.

भाऊजी वळले. बारक्याला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी कोपऱ्यातले बूट घेतले, बसून नाड्या बांधल्या, दोनदा चुकल्या.

"चल," ते म्हणाले. मेव्हणे नाही, मेव्हणेबुवा नाही. नुसतं "चल."

टायरवाल्याच्या दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. भाऊजींनी त्यांच्यासमोरच हात जोडले. "मी तुम्हाला नको ते बोललो. चूक आमची होती. आमच्या घरातली." बारक्या मागे उभा होता. 'आमच्या घरातली' हे दोन शब्द भाऊजींनी किती जड जिभेने उच्चारले ते त्याला ऐकू आलं. मग तो पुढे झाला आणि गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "चूक माझी होती. मी खोटं बोललो होतो." त्यातला एकजण कुतूहलाने त्याच्याकडे बघत राहिला. दुसऱ्याने फोनमधून मान वर केली नाही.

टायरवाला म्हणाला, "ठीक आहे, साहेब." बसा म्हणाला नाही. जीपचं काम भाऊजींनी परत वळवायचा प्रयत्न केला, पण कागद पुढे गेले होते आणि वर्षभर तरी ते होण्यासारखं नव्हतं. ते सांगायला भाऊजी पुन्हा स्वतः गेले, तेव्हाही तो "ठीक आहे" एवढंच म्हणाला.

नातेवाइकांच्या ग्रुपवर बारक्याने सगळं लिहिलं. चार ओळी लिहायला त्याला अर्धा दिवस लागला. त्यावर अंगठा कुणीच दिला नाही. एका मामेभावाने "असो" असं लिहिलं, आणि मग दुसऱ्या कुणीतरी कुणाच्या तरी वाढदिवसाचा विषय काढला.

ताई दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. बायको जायची, डबा द्यायची, ताईच्या हाताचा व्यायाम करवून घ्यायची. तो खालीच कोपऱ्यावर थांबायचा. प्लास्टर निघालं, गाडी दुरुस्त होऊन आली, पण ताई बसने जायला लागली होती. हे बायकोकडून ऐकलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी ताईचाच फोन आला. "ये," म्हणाली, आणि ठेवून दिला.

तो गेला तेव्हा ती गाडीशेजारी उकिडवी बसली होती. हातात पाना. उजवं मनगट अजून बारीक दिसत होतं. पुढच्या चाकाचा एकेक नट ती आवळून बघत होती. मनगटाला जोर येत नव्हता, म्हणून पान्याच्या दांड्यावर दोन्ही हात टेकून अंगाचा भार टाकत होती.

"दे इकडे, मी करतो," बारक्या पुढे होत म्हणाला.

"हात लावू नकोस."

तो जागच्या जागी थांबला. तिने ते चाक संपवलं, मग दुसरं, मग मागची दोन्ही. कपाळावरचा घाम बाहीने पुसला. शेजारच्या बाई जिन्यावरून उतरताना म्हणाल्या, "अहो, भाऊ आलाय ना, त्याला सांगा की!" बारक्या हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा होता.

ताईने पाना डिकीत टाकला, चालकाच्या सीटवर जाऊन बसली, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ समोर बघत राहिली. एकट्याने निघायचा धीर तिला होत नव्हता, आणि भाऊजी शेजारी बसले की सूचना देत सुटतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

"बस," ती काचेतून म्हणाली. "बोलायचं नाही."

तो दार उघडून तिच्या शेजारी बसला आणि त्याने पट्टा लावला. गाडी पहिल्यांदा गचका खाऊन बंद पडली. ती दुसऱ्यांदा सुरू झाली. गल्लीच्या टोकाला वळणावर ताईने गाडी अगदी थांबवली, काच खाली करून मागून काही आवाज येतो का ते ऐकलं, आणि मग हळूच वळण घेतलं.